चौथ्या ग्रीनचा उतार

त्या दिवशी सकाळी भीमराज ओहोळांनी सहाव्या ग्रीनवर पाण्याचा अख्खा टँकर रिकामा करायला लावला आणि चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात जाऊन उभे राहिले. ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानातला तो तुकडा, जिथे झेंडा रोवलेला असतो आणि ज्यात चेंडू शेवटी जायचा तो खड्डा असतो. इथे अजून झेंडा नव्हता आणि गवतही नव्हतं. नुसती मळकट माती होती, डोझरने घडवलेली. काष्टी ते श्रीगोंदा रस्त्याला लागून चाललेल्या त्या कामावरून उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज दिवसभर ऐकू येई, आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वासही.

"दादा, किती येळ उभं ऱ्हाता पान्यात?" डोझरच्या सीटवरून छगन ओरडला. "म्हस बी आतापतुर भाईर आली असती."

"म्हशीला उतार कळतो, छगन. तुला पंचवीस वर्सं झाली, अजून कळंना."

"मला कळाया लागलं तर तुमाला कोन इचारील?"

भीमराज हसले. त्यांची मुलगी भारती काठावर लेव्हलची दुर्बीण लावून उभी होती. तीही हसली, पण डोळा दुर्बिणीवरून काढला नाही.

"दोन टक्के उतार आहे, दादा. सगळीकडे बरोबर येतोय."

"मशीन बरोबरच हाय. पानी काय म्हनतंय ते बघ."

वडिलांना ती दादा म्हणत असे, आणि कामावरची माणसंही तेच म्हणत. ती चप्पल काढून आत गेली. उत्तरेच्या कडेला तळहाताएवढं पाणी थांबलं होतं, हलत नव्हतं. दादांनी फक्कीची पिशवी तिच्या हातात दिली. तिने वाकून त्या डागाभोवती पांढरं वर्तुळ ओढलं.

भीमराज ओहोळांना एका वर्तमानपत्राच्या पुरवणीने एकदा 'गोल्फ कोर्स आर्किटेक्ट' म्हटलं होतं, तेव्हा ते कात्रण त्यांनी डोझरच्या टूलबॉक्समध्ये पान्याखाली ठेवून दिलं. आर्किटेक्टचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांचे वडील सहादू नगरच्या लष्करी गोल्फ मैदानावर गवत राखायचे. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या सहादूंनी पुढे एक जुना डोझर घेतला आणि श्रीगोंद्याच्या बागायतदारांची शेतं उसासाठी सपाट करून द्यायला सुरुवात केली. भीमराज त्याच डोझरवर मोठे झाले. मग एका कर्नलने नगरच्या मैदानावरची खचलेली एक ग्रीन दुरुस्त करायला बोलावलं. तिथून पुणे, नाशिक, पार बेळगावपर्यंत. "वीस वर्सं लोकांची वाकडी जमीन सपाट केली," ते सांगायचे, "आता पंचवीस वर्सं झाली, सपाट जमीन वाकडी करतोय. आन् वाकडी करनं लई अवघड."

धंद्याचं नाव अजूनही 'सहादू ओहोळ अँड सन्स'. सन्समधले दुसरे म्हणजे कल्याण, भारतीचे काका. यंत्रं, डिझेल आणि माणसं ते सांभाळत. भारती अहमदाबादहून लँडस्केपची पदवी घेऊन आली त्याला आता आठ वर्षं झाली होती. नकाशे ती काढत असे.

दुपारी कडुनिंबाखाली डबा उघडला. आईने भाकरीबरोबर भरीत दिलं होतं आणि वर न विचारता ठेचा. दादांनी भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या पुढ्यात सरकवला आणि सहज म्हणाले, "सातव्याच्या खुंट्या तू ठोक. मी बघाया येनार न्हाई."

भारतीच्या हातातला घास तसाच राहिला.

खुंट्या हा दादांचा प्रांत होता. डोझरने माती घडवण्याआधी ग्रीनच्या कडेकडेने बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, त्यांना लाल चिंध्या बांधायच्या, आणि चिंधी जितकी उंच तितकी माती उंच. छगन कागदाकडे बघत नसे, चिंध्यांकडे बघत असे. दादा आधी तीन-चार दिवस जागेवर नुसते हिंडायचे, पहार ठोकून खालची माती बघायचे, आणि मग एका सकाळी सगळ्या खुंट्या एकहाती ठोकून टाकायचे. त्या खुंट्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा धंद्यातला एकमेव लिहून न ठेवलेला नियम होता.

भारतीने तो एकदा मोडला होता.

सात वर्षांपूर्वी, कर्जतला. तिथे राधाकृष्णशेठ नावाच्या गृहस्थांनी माळरानावर रिसॉर्ट आणि नऊ खड्ड्यांचं मैदान काढलं होतं. चौथी ग्रीन ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. दादांनी तिचा उतार मागे, ओढ्याकडे काढला होता. भारतीने संगणकावर पाहिलं, तर खेळणाऱ्याला लांबून ग्रीनची फक्त कड दिसणार होती. उतार पुढे काढला तर सगळी हिरवळ ताटासारखी त्याच्याकडे कललेली दिसली असती. ती अठ्ठावीसची नव्हती अजून; शिकलेलं सगळं ताजं होतं. दादा तीन आठवडे नाशिकला गेले होते. एका संध्याकाळी तिने अकरा खुंट्या उपटून दुसरीकडे ठोकल्या, आणि सकाळी छगनला सांगितलं, "दादांचा निरोप आहे. उतार पुढे घ्यायचा."

दादा आले तोवर वाळू पसरून गवताची लावणीही झाली होती. ते ग्रीनच्या कडेने एक फेरी मारून आले.

"छगन, हे कुनी सांगितलं?"

"तुमीच की. ताईंपाशी निरोप धाडला न्हवं का?"

दादांनी भारतीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "व्हय," ते म्हणाले, "मीच सांगितलं."

पुन्हा उकरायचं तर शेठला खरं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तो उतार तसाच राहू दिला. पाणी सोडून बघायची सोयही त्या उन्हाळ्यात नव्हती. आसपासच्या गावांना प्यायला टँकर येत होते. अशात मातीत टँकर ओतणं दादांना पटत नव्हतं. परतीचा पाऊस मात्र त्या वर्षी धो धो लागला. खाली हातभरावर चिकण मातीचा थर होता. दादांनी तो पहारीने ठोकून आधीच पाहिला होता, भारतीने पाहिला नव्हता. सगळं पाणी पुढच्या कडेला येऊन थांबलं. उद्घाटनाच्या दिवशी, नगरचे लष्करी अधिकारी आणि पुण्याचे पाहुणे समोर असताना, चौथ्या ग्रीनवर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जात होता आणि गवताला कुजका वास सुटला होता.

राधाकृष्णशेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "डोझर हाकणाऱ्याच्या हातात मैदान दिलं, माझंच चुकलं. पोरीनं एवढा नकाशा काढला, तो एकदा डोळ्यांखालून तरी घालायचा!"

दादा म्हणाले, "चूक माझी. उतार माझ्या हातनं चुकला. आता पोरीच्या नकाशापरमानं बांधून देतो."

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी ती ग्रीन उकरून पुन्हा बांधली. पहिल्यांदा ठोकल्या होत्या त्याच जागी अकरा खुंट्या ठोकल्या, उतार ओढ्याकडे काढला. बांधून झाल्यावर भारतीला म्हणाले, "ह्याचा कागद करून दे शेठला." तिने केला. तो कागद आजही कर्जतच्या क्लबहाऊसमध्ये काचेत लावलेला आहे, खाली तिची सही. त्यानंतर जे काम येई ते "ताईंचा नकाशा पाहिजे" असं म्हणत येई. तिचं नाव झालं ते कर्जतनंतर झालं, आणि दादांच्या नावामागे 'कर्जतला घोळ घातला तेच ना?' हे लागलं तेही कर्जतनंतरच.

पहिल्या आठवड्यात तिला लाज वाटत होती म्हणून ती बोलली नाही. पहिल्या वर्षी दादांनी झाकलेलं उघडं करणं बरं दिसणार नाही असं तिने स्वतःला सांगितलं. त्यानंतर ती काही सांगेनाशी झाली, स्वतःलाही.

आणि आता ते म्हणत होते, सातव्याच्या खुंट्या तू ठोक.

"दादा," ती म्हणाली, "कर्जतला ना..."

"कर्जतला काय? तिथली वांगी बरी हुती, हे भरीत काय तेवढं जमलं न्हाई. आईला सांगू नको." त्यांनी ठेच्याची वाटी तिच्याकडे ढकलली. "कर्जतचं कर्जतला. भाकर खा."

ती थांबली. आणि तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचं पुढे काय करायचं हे तिला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना दादांनी काष्टीच्या बाजारातून कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या आणि एक खराटा घेतला. रात्री जेवून लवकर झोपले. सकाळी सहाला आईने चहा ठेवला आणि हाक मारली, मग दुसऱ्यांदा हाक मारली. श्रीगोंद्याचे डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वीच गेले असावेत, झोपेतच. आईने चहाखालचा गॅस बंद केला नव्हता. भांडं करपल्याचा वास आला तेव्हा भारतीने जाऊन तो बंद केला.

भारतीने आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. माणसं गेल्यावर मागे राहिलेली माणसं काय करतात, याची तिच्या कपाटात दोन खण भरून पुस्तकं होती. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते एवढंच की सकाळी कामावर फोन करायचा होता, पाहुण्यांना उतरायला जागा लागणार होती आणि दादांची औषधं मेडिकलवाल्याकडे परत द्यायची होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सातव्या दिवशी ठेवला. अंगणात मांडव घातला, टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली दादांचा फोटो. फोटोतल्या दादांनी कधी नव्हे ती इस्त्रीची कॉलर घातली होती. आई पांढऱ्या साडीत पुढे बसली होती, पाठ ताठ. त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी दहा मिनिटं अनित्यतेवर सांगितलं, आणि मग नेहमीप्रमाणे माईक मोकळा झाला. ज्याला दोन शब्द बोलायचे त्याने उठावं.

कल्याणकाका भारतीच्या मागे येऊन वाकले.

"मागच्या रांगेत ते कंपनीचे साहेब बसल्यात, श्रीगोंद्याच्या कामाचे," ते कुजबुजले. "नवातल्या सहाच ग्रीन झाल्यात. बाकीचं आपल्यापाशी ठेवायचं का न्हाई, ते आज बघून ठरवनार. राधाकृष्णशेठनी आपनहून शब्द टाकतो म्हनलंय. तू शेवटाला उठ, सगळ्यांचे आभार मान आन् बस. लई बोलू नको, पोरी. रडशील."

"रडणार नाही, काका."

"मंग तर आनखीनच बोलू नको."

आधी गावातले दोघे-तिघे बोलले. नगरचे एक निवृत्त सुभेदार बोलले, सहादूंची आठवण सांगितली. मग छगन उठला. त्याला कुणी आग्रह केला नव्हता. नवी टोपी घालून तो आला होता आणि माईक कसा धरायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तो खुरप्यासारखा धरला.

"मी काय भाषनवाला न्हाई," तो म्हणाला. "पंचवीस वर्सं दादांबरोबर काढली. मला शिव्या लई दिल्या, पन उपाशी कदी बसवलं न्हाई. आता मानूस म्हनलं की चुकतंया. कर्जतला दादांनी निरोप धाडला, उतार पुढं घे. माझ्या मनात आलं हुतं, हे काय बरुबर न्हाई. पन दादांचा शब्द. म्या डोझर फिरवला. त्या टायमाला मी इचारलं असतं, तर दादांना त्या दिवशी खाली मान घालावी लागली नसती. ते माझ्या मनात राहिलंय. एवढंच."

तो खाली बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

भारतीने त्याच्याकडे पाहिलं. छगन हे सात वर्षं बाळगत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. दादांनी अंगावर घेतलं ते तिला दिसलं होतं. त्यातलं थोडं छगनच्याही अंगावर पडलं होतं, ते दिसलं नव्हतं.

मग राधाकृष्णशेठ उठले. पांढरा सदरा, सावकाश चाल. फोटोला हार घातला, हात जोडले. ते मनापासून बोलत होते, त्यात खोट नव्हती, आणि त्यामुळेच ते ऐकणं कठीण होतं.

"छगनरावांनी विषय काढला म्हणून बोलतो. मी त्या दिवशी भीमराजांना चारचौघांत टाकून बोललो. वाईट बोललो. जी चूक झाली ती झाली. शिक्षण नव्हतं, अंदाजाने काम करणारा माणूस, होतं असं. आज त्यांच्या फोटोसमोर सांगतो, त्या चुकीबद्दल माझ्या मनात आता काही नाही. मी त्यांना केव्हाच माफ केलंय." त्यांनी मागच्या रांगेकडे हात केला. "आणि चूक सुधारली कुणी? या पोरीच्या नकाशाने. तो कागद माझ्या क्लबमध्ये लावलाय, कुणीही येऊन बघा. साहेब, तुम्ही निर्धास्त राहा. बापाचा अंदाज गेला असेल, लेकीचा नकाशा आहे."

मांडवात माना हलल्या. कुणीतरी "खरंय" म्हणालं. मागच्या रांगेतल्या साहेबांनी मान डोलावली आणि हातातला मोबाईल खिशात ठेवला. काम हातात राहिलं होतं. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो भारतीला मानेवर जाणवला.

आईने मात्र मान हलवली नाही. ती दादांच्या फोटोकडेही बघत नव्हती. ती भारतीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात कसलाही प्रश्न नव्हता. दादांनी घरी काय सांगितलं होतं, काय नाही, ते भारतीने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "शेवटी कुटुंबाच्या वतीने भारतीताई आभार मानतील."

ती उठली. टेबलापर्यंत सात-आठ पावलं होती. चालताना तिच्या मनात वाक्यं जुळत होती, चांगली, तोलून मापून रचलेली, पुस्तकांतून आलेली. माईक हातात घेतल्यावर त्यातलं एकही उरलं नाही. माईक एकदा शिट्टीसारखा वाजला. गुरुजींनी मागे जाऊन काहीतरी फिरवलं.

"आपण सगळे आलात," ती म्हणाली. "आभार." आवाज तिला स्वतःला परका वाटला. काका पुढे झुकून तिला खुणेने बस म्हणत होते.

ती बसली नाही.

"शेठ, तुम्ही दादांना माफ केलंत म्हणालात. ते परत घ्या. त्यांना माफ करण्यासारखं काही नव्हतं."

मांडवात कुजबुज झाली. राधाकृष्णशेठ हसल्यासारखं करून म्हणाले, "अगं, बाप होता तुझा, तुला वाटणारच..."

"मला वाटत नाही, मला माहीत आहे. मला बोलू द्या, नाहीतर मी परत थांबेन." तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "दादांनी चौथ्या ग्रीनचा उतार ओढ्याकडे काढला होता. खालची चिकण माती त्यांनी पहारीने बघितली होती. ते नाशिकला गेले तेव्हा अकरा खुंट्या मी हलवल्या. मला वाटलं, मला जास्त कळतं. तुमच्याकडे काचेत जो कागद आहे, तो माझा नकाशा नाही. दादांनी पुन्हा बांधलं, आणि मी ते बघून कागदावर उतरवलं. सही माझी आहे, उतार त्यांचा आहे. माझा उतार तुम्ही उद्घाटनाला पाहिलात."

छगन उभा राहिला होता. टोपी त्याच्या हातात चुरगळली होती.

"ताई, पन निरोप..."

"निरोप नव्हता, छगनमामा. दादांनी काही सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, त्यांचं नाव घेऊन. तुम्हाला बरोबर वाटत नव्हतं ते बरोबरच होतं. तुमच्या मनात जे राहिलंय ते आज काढून टाका, ते तुमचं नाही."

छगनने चुरगळलेली टोपी सरळ केली. मग हळूहळू खाली बसला. काकांनी दोन्ही हातांत चेहरा घेतला होता. मागच्या रांगेतले साहेब बाजूच्या माणसाशी काही बोलत होते. काय, ते तिला ऐकू येत नव्हतं आणि ती ऐकायचा प्रयत्नही करत नव्हती.

"साहेब, उरलेलं काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण कर्जत बघून ठरवणार असाल, तर हे ऐकून ठरवा."

आता ती फोटोकडे वळली. माईक तिने खाली घेतला होता. तरीही पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"दादा, चूक माझी होती. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी सात वर्षं मी तुम्हाला ती वाहू दिली."